आमचंच कॉलेज का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते, कारण दरवर्षी कुणा ना कुणाचा फोन येतोच. ताई, मुलगी अमेरिकेत मेडिकलला अप्लाय करतेय, प्रत्येक कॉलेज वेगळा निबंध मागतंय, 'आमचंच कॉलेज का', काय लिहायचं? मला का विचारतात तर मी सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजची. आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारत नाही, नीटचा स्कोर आणि ऑप्शन फॉर्म, संपलं. पण आमच्या वेळी सेवाग्रामची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजीच्या सोबत गांधी विचारांचा एक वेगळा पेपर असायचा. नीट आली आणि तो गेला. म्हणजे आम्ही थोडेफार ह्या प्रश्नाला तोंड दिलेले लोक.

आता खरं सांगते, त्या पेपरात मी काय लिहिलं. सगळं रटून गेले होते. बापू 1936 ला सेगावात आले, 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं, जन्मशताब्दीच्या वर्षी म्हणजे 1969 ला डॉ. सुशीला नायर यांनी कॉलेज काढलं, देशातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज वगैरे वगैरे. आणि शेवटी ठोकून दिलं की मी खेड्यात जाऊन गोरगरिबांची सेवा करीन. नागपूरच्या त्या सेंटरवर माझ्या पुढच्या बाकावर, मागच्या बाकावर, सगळ्यांनी हेच लिहिलं असणार. तपासणाऱ्याची दयाच येते मला आता.

खोटं नव्हतं हो ते. पण त्यात माझं काहीच नव्हतं, आणि मुख्य म्हणजे मला त्याची काही किंमत मोजावी लागेल असं कुठेच दिसत नव्हतं. ती किंमत काय ते अ‍ॅडमिशननंतर कळलं. पहिले पंधरा दिवस आश्रमात ओरिएंटेशन कॅम्प, पहाटे उठा, झाडलोट करा, सूत काता. माझा धागा वीतभर यायचा की तुटायचा, शेजारची केरळची मुलगी मात्र पहिल्याच दिवशी कातायला लागली, आणि तिला मराठीचा म पण येत नव्हता. (निम्म्या जागा महाराष्ट्राबाहेरच्यांना, त्यामुळे हॉस्टेलमध्ये अख्खा भारत.) कपडे खादीचे. बोलायला छान वाटतं, पण नवीन खादीचा लाल कुर्ता आणि पांढरी सलवार एका बादलीत भिजवून बघा, मी सहा महिने गुलाबी सलवारी घालून फिरले. नॉनव्हेज नाही, शुक्रवारी सर्वधर्म प्रार्थना, आणि मे महिन्यातलं वर्ध्याचं ऊन ते वेगळंच.

आणि गाव. प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, आश्रमानंतरच्या दुसऱ्या कॅम्पला तिथेच जाऊन राहायचं आणि नंतर दर महिन्याला जायचं, प्रत्येकाच्या वाट्याला काही घरं. माझ्या एका घरातलं पोरगं वजनाच्या झोळीत टाकलं की असं काही किंचाळायचं की काटा स्थिरच व्हायचा नाही. त्याची आजी एकदा मला म्हणाली, "तू डाक्टर हाय का अजून शिकूनच रायली?" शिकूनच रायली म्हटलं. "मंग त्याले रडवून कायले रायली?" मी मुकाट्याने पोराला खाली ठेवलं, ज्वारीची भाकरी खाल्ली आणि पोरगं झोपल्यावर वजन घेतलं. फर्स्ट इयरला मी काय काय वाचलं ते आठवत नाही पण हे आठवतं.

तर माझं उत्तर हे आहे. कॉलेजबद्दल चांगलं लिहू नका, ते त्यांच्या ब्रोशरमध्ये आहे आणि त्यांनी ते वाचलेलं आहे. तिथे तुम्हाला जड जाणारी गोष्ट कोणती ते शोधा आणि ती तुम्हाला का चालेल ते लिहा. काही सापडलंच नाही तर एकतर तुम्ही त्या कॉलेजची नीट माहिती काढलेली नाही किंवा तुम्हाला कुठलंही कॉलेज चालणार आहे, जे चुकीचं नाही, पण मग निबंध तसाच होणार, नाव बदलून दुसरीकडे पाठवला तरी कळणार नाही असा.

माझी भाची इलिनॉयमधल्या एका छोट्या गावात वाढली. रॉकफर्डला त्यांच्या स्टेट युनिव्हर्सिटीचा खेड्यांसाठी डॉक्टर तयार करायचा प्रोग्राम आहे, 1993 पासून, त्यात शेवटच्या वर्षी 16 आठवडे एखाद्या लहान गावात तिथल्या डॉक्टरसोबत काढावे लागतात. तिने मला पहिला ड्राफ्ट पाठवला तर त्यात 'उत्कृष्ट प्राध्यापक', 'विविध प्रकारचे पेशंट', 'समाजाची सेवा', थेट माझा गांधी विचारांचा पेपर! मी म्हटलं, बाळा, ते 16 आठवडे तुला कसे जातील ते लिही ना. मावशी तू पण ना, म्हणे, ते निगेटिव्ह वाटेल. आठवडाभर बोलली नाही. मग जे पाठवलं त्यात होतं की अशा गावात संध्याकाळी सातनंतर जेवायला पेट्रोल पंपावरचा पिझ्झाच मिळतो, तुमचा पेशंटच तो तुम्हाला गरम करून देतो आणि त्याची शुगर तुम्हाला माहीत असते आणि त्याच्या ट्रेमध्ये पण तोच पिझ्झा असतो, आणि मी शाळेत असताना त्या काउंटरच्या मागे दोन वर्षं उभी होते.

इंटरव्ह्यूला अर्धा वेळ त्या पिझ्झ्यावरच गेला म्हणे. निकाल मार्चपर्यंत कळेल.