कु., सौ. की श्रीमती?

परवा भर दुपारी एक फॉर्म भरायला बसले आणि पहिल्याच रकान्यात अडले. नावाआधी काय? कुमारी, सौभाग्यवती, श्रीमती. एवढंच. आणि मला एकदम जुन्या व्हिडिओ गेममधली मिझ पॅक-मॅन आठवली. पॅक-मॅनसारखीच पिवळी, घास तोडलेली भाकरी, पण डोक्यावर लाल बो, ओठांना लाली आणि वर तीळसुद्धा!

तिचा जन्म मजेशीर आहे. १९८० साली जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानींनी पॅक-मॅन केला, चक्रव्यूहात भुतं चुकवत ठिपके खायचा खेळ. पुढे अमेरिकेत एमआयटी हे नावाजलेलं तंत्र-विद्यापीठ अर्धवट सोडलेल्या पोरांनी त्याच मशीनला जोडायचं सर्किट बनवून 'क्रेझी ऑटो' नावाचा पाय फुटलेला पॅक-मॅन काढला. अमेरिकेत पॅक-मॅन विकणाऱ्या मिडवेने तो घेतला आणि १९८२ मध्ये ऑटोची बाई झाली. आता तिला हाक काय मारायची? 'मिस' म्हणावं, तर खेळाच्या मधल्या छोट्या नाटुकल्यांत तिसऱ्या अंकी करकोचा बाळ आणून टाकतो. म्हणून 'मिझ'. लग्न झालंय की नाही, ही चौकशीच नको. मराठीत अशी सोय अजून फारशी रुळलेली नाही.

आमच्या मामाकडे मे महिन्यात टीव्हीला जोडायचा गेम असायचा. कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत खुपसायची. त्यात साधा पॅक-मॅनच होता. कुठे वळायचं ते दादाला तोंडपाठ. मिझपुढे त्याची डाळ शिजली नसती. तिच्यातली काही भुतं सुरुवातीला वाट्टेल तिकडे वळतात, चक्रव्यूह चार, आणि फळंसुद्धा एका जागी न बसता उड्या मारत हिंडतात.

आम्ही पोरं झोपलो की मामी खेळायची. आवाज बंद करून. एकदा मी डोळे किलकिले करून पाहिलं, तर कणकेचा हात पदराला पुसत ती भुताला चुकवत होती. पाठ काहीच नाही, तरी दादाच्या पुढे गेलेली. अडॅप्टर तापला की स्वतःच बंद करायची आणि पोळ्या लाटायला जायची.

मामा गेल्यावर पहिली लग्नपत्रिका आली तेव्हा मी तिथेच होते. पाकिटावर 'सौ.'च्या जागी 'श्रीमती'. मामी बराच वेळ ते बघत राहिली. मग म्हणाली, "अक्षर छान आहे गं कुणाचं तरी."