आमची वाटचाल : दोन भाषांच्या सीमेवरचे काम

भोसरीच्या एका गाळ्यात दोन संगणकांवर आम्ही हा व्यवसाय सुरू केला. कारखान्यांतील वजनकाटे संगणकाला जोडून त्यांच्या नोंदी थेट हिशेबात उतरवणे हे आमचे काम. काट्याबरोबर उत्पादकाची सी भाषेत लिहिलेली डीएलएल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने बोलवायच्या फंक्शनांची फाइल, येते आणि ती आमच्या प्रणालीतून चालवावी लागते. सुरुवातीची वर्षे व्हिज्युअल बेसिक ६ वर निभावली. पुढे डीएलएल ६४ बिटच्या येऊ लागल्या, त्या व्हिज्युअल बेसिक ६ मधून चालत नसत, म्हणून आम्ही पायथन भाषेकडे वळलो.

आमच्या विंडोज ७ च्या संगणकावर महिनाभर बिनतक्रार चाललेली प्रणाली ग्राहकाच्या विंडोज १० वर पहिल्याच वजनाला अॅक्सेस व्हायोलेशनचा, म्हणजे मुभा नसलेल्या मेमरीला हात लागल्याचा, संदेश देऊन बंद पडली. आम्ही केबल बदलली, ड्रायव्हर बदलला, उत्पादकाला दोष देणारे पत्रही लिहून ठेवले. तिसऱ्या दिवशी आमच्या एका सहकारी अभियंत्याने डीएलएलने दिलेले हँडल पडद्यावर छापून पाहिले, तर ती संख्या ऋण निघाली. हे हँडल म्हणजे मेमरीतला पत्ता होता. तो ऋण कसा असेल?

पायथनमधून सी भाषेतली फंक्शन्स बोलावण्याचे काम सीटाइप्स हे मॉड्यूल करते. फंक्शन काय परत देते हे त्याला सांगितले नाही, तर ते उत्तर ३२ बिटचा पूर्णांक धरले जाते. त्यामुळे ६४ बिटच्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळतो आणि उरलेल्या अर्ध्याचा पहिला बिट १ असला की संख्या ऋण दिसते. विंडोज ७ वर असे पत्ते बहुधा ४ जीबीच्या आतच पडत, म्हणून गळण्यासारखे काही नसे. विंडोज ८ पासून ते फार मोठ्या जागेत विखुरले जाऊ लागले. चूक आमचीच होती. फंक्शन काय परत देते आणि काय घेते हे सांगणाऱ्या रेस्टाइप आणि आर्गटाइप्सच्या ओळी लिहिताच काटा सुरू झाला आणि ते पत्र मी फाडून टाकले.

दुसऱ्या ग्राहकाकडे मात्र खिडकी कोणताही संदेश न देता नाहीशी होई, तीही कधी पाच मिनिटांनी, कधी तासाभराने. वजन स्थिर झाले की डीएलएलने बोलवायचे आमचे फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, आम्ही नोंदवले होते, पण त्याचा संदर्भ पायथनमध्ये कुठेच जपून ठेवला नव्हता. पायथनने ती मेमरी मोकळी केली आणि डीएलएल जुन्याच पत्त्यावर हाक मारत राहिली. कॉलबॅक एका कायम राहणाऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवल्यावर ती तक्रार पुन्हा आली नाही. प्रोग्रॅम कोसळताना तो कोणत्या ओळीवर होता हे लिहून ठेवणारे पायथनचे फॉल्टहँडलर तेव्हापासून प्रत्येक प्रणालीत आम्ही चालू ठेवतो.

आज आम्ही डीएलएलमधील फंक्शन्स काय घेतात आणि काय देतात हे सांगणारी हेडर फाइल हातात आल्याशिवाय काम स्वीकारत नाही आणि आधी सी भाषेत छोटा चाचणी प्रोग्रॅम लिहितो. तोही कोसळला, तरच उत्पादकाला विचारतो. हेडर छापून घेतो, एकेक फंक्शन दोघेजण मिळून वाचतो आणि लाँग हा पूर्णांकाचा प्रकार दिसला की तिथे पेन्सिलीने खूण करतो, कारण तो विंडोजवर ४ बाइटचा आणि ६४ बिट लिनक्सवर ८ बाइटचा असतो.