सायन्स का नाही घेतलंस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दर गणपतीत, दर मुंजीत कुणी ना कुणी विचारतंच: "दहावीला एवढे छान मार्क, मग अकरावीला आर्ट्स का गं? त्यातही राज्यशास्त्र?" गणित जमत नव्हतं असं समजू नका. आवडायचं, आजही आवडतं.

मी दहावीत असताना धाकटा भाऊ इंदूरच्या आमच्याच भागातल्या मराठी प्राथमिक शाळेत होता. मुलं कमी, म्हणून पुढल्या वर्षापासून सगळं हिंदीतून, असं सांगायला पालकांना बोलावलं. आईबरोबर मी गेले. मोठी माणसं पहिलीच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. माझ्या वहीत संविधानाचा अनुच्छेद ३५०-क उतरवलेला होता: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, म्हणून राज्याने आणि स्थानिक संस्थांनी पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न करावा. आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तो नव्हता, वाचनालयात सापडला होता. मी उभी राहून वाचला. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "बेटा, ये एग्ज़ाम में नहीं आएगा." सगळे हसले. त्याचं एवढं लागलं नाही. आईने ओढणी खेचली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बस खाली. उद्या ह्यांच्याशीच काम पडणार आहे." ते लागलं.

जुलैत भाऊ हिंदीतून शिकू लागला. चांगला शिकला, इंजिनियर झाला. मग नुकसान काय झालं, असं तुम्ही म्हणाल. आजीच्या पत्राला तो उत्तर हिंदीत लिहायचा, एवढंच माझ्यापाशी आहे.

पण तो अनुच्छेद आला कधी, ते पाहा. सातवी घटनादुरुस्ती, १ नोव्हेंबर १९५६ पासून लागू. त्याच दिवशी आपला मध्य भारत, म्हणजे इंदूर ज्यात होतं ते तेव्हाचं राज्य, मध्य प्रदेशात गेला. राज्यांच्या सीमा नव्याने आखताना, रेषेपलीकडे राहणाऱ्यांचा विचार कुणीतरी केला होता. त्यासाठी ३५०-ख खाली एक विशेष अधिकारीही नेमायचा, त्याचा अहवाल राष्ट्रपतींकडे आणि पुढे संसदेत. मग त्यातलं काही त्या बुटक्या बाकांपर्यंत का पोचलं नाही? हे विचारायला मला दुसरा विषय दिसेना.

तेव्हाच्या मुलीला वाटायचं, लिहिलंय म्हणजे होणारच. मी तिला सांगते, बाई, प्रयत्न करा म्हटलंय, किती ते नाही म्हटलेलं. ती म्हणते, मग ते विचारायला कुणी उभं राहायचं? आईचंही चुकलं म्हणवत नाही. भावाचा दाखला त्याच गृहस्थांच्या सहीने मिळायचा होता.