शनिवारी कासला, दगडफूल बघायला

ऑगस्टात मी गुरुवारचा उपास बुधवारी केला. रात्री वरीचे तांदूळ खाऊन लॅपटॉप उघडला, तेव्हा कोपऱ्यातली तारीख दिसली. आता उद्या पुन्हा करू की नको, हे विचारायला आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "उपासाचं राहू दे. तू आधी साताऱ्याला ये."

तीन महिने फिरती शिफ्ट चालली होती. पंधरा दिवस रात्रीची, पंधरा दिवस सकाळची. दूधवाला आला म्हणून दार उघडावं तर इस्त्रीवाला उभा. जेवण झालंय की व्हायचंय, हे सिंकमधली भांडी बघून ठरवायचे.

सातारला जायला सप्टेंबर उजाडला. पहिला दिवस झोपेत गेला. दुसऱ्या दिवशी ठोसेघरला गेलो. तिथं धुक्यात धबधबा दिसला नाही, नुसता ऐकू आला. तिसऱ्या दिवशी कास, आणि तो नेमका शनिवार. शनिवार-रविवार टाळा असं सगळेच सांगतात, मीही सांगेन. पण मला वार कळत असता तर मी साताऱ्याला आलेच नसते.

यवतेश्वरचा घाट चढून वर गेलो तर गाड्यांची रांग. गाडी लांब लावून पुढं बसनं जायचं. पठारावर फुलांपेक्षा ओढण्या जास्त. तेरड्याच्या गुलाबी पट्ट्यापुढं एक जोडपं वीस मिनिटं एकच उडी मारत होतं, फोटोत पाय जमिनीवर दिसू नयेत म्हणून. मला खरंच रडू येत होतं. शांततेसाठी एवढ्या लांब यावं आणि तिथं शिट्ट्या ऐकाव्यात! शिट्ट्या राखणदारांच्या, वाट सोडून आत शिरणाऱ्यांसाठी.

आत्याचे गुडघे बोलायला लागले, म्हणून वाटेच्या कडेला एका खडकावर टेकलो. समोर फुलांचा गालिचा वगैरे काही नव्हतं. परातीएवढा एक खळगा, त्यात बोटभर पाणी. कास म्हणजे जांभ्याचा सपाट सडा. मातीचा थर कुठं दोन बोटं, कुठं वीतभर, तर कुठं नाहीच. त्या खळग्यात मधे पाणी, पाण्याच्या कडेनं गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांचं कडं, त्याबाहेर सीतेच्या आसवांचं निळं-जांभळं कडं, आणि माती जरा जाड झाली तिथून तेरडा. पलीकडच्या खळग्यातही तोच क्रम. त्याच्या पलीकडेही. ज्याला जेवढी माती आणि जेवढं पाणी पुरतं, तो तेवढ्यावर उभा. आसवांना तर या निकस मातीतून पुरेसं काही मिळत नाही, म्हणून मुळांसारख्या तंतूंवर बारीक फुगे ठेवून ती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतात. एवढ्या नाजूक नावाचं झाड मांसाहारी निघालं, हे आत्याला मुळीच आवडलं नाही.

मग तिचं लक्ष आम्ही बसलो होतो त्या खडकाकडे गेलं. त्यावर राखाडी चकत्या होत्या, कडेला दातऱ्या.

"आगं, हे तर मसाल्यातलं दगडफूल!"

मसाल्यातली जात वेगळी असावी, पण कुळ तेच. बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. मी दगडफूल आजवर फक्त डब्यात पाहिलं होतं, चुरगळलेलं, काळपट. इथं ते गोल वाढलं होतं. मधला भाग जुना, काही ठिकाणी झडून गेलेला, कड ताजी. खडकावरच्या अशा चकत्या वर्षाला जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर सरकतात. माझ्या तळव्याएवढी एक होती. मी बोटानं कडेपासून मध्यापर्यंत हिशोब करत गेले आणि माझ्या दहावीच्या आसपास कुठंतरी हरवले. तेवढ्यात सर आली. छत्री एकच, ती आत्यावर धरली. खडकाची भिजलेली बाजू बघता बघता हिरवी झाली आणि छत्रीखालची राखाडीच राहिली. मधे छत्रीच्या काठाची वळणदार रेघ. मी छत्री थोडी हलवली. रेघ सरकली.

"मला भिजवतीस काय?" आत्या.

किती वेळ गेला कोण जाणे. आणि या वेळी ते न कळण्याची भीती वाटली नाही.

आत्यानं शेवटी नखानं चकती खरवडून पाहिलीच. लगेच शिट्टी वाजली. पंचवीसेक वर्षांचा राखणदार पोरगा धावत आला आणि म्हणाला, "मावशी, काय पण तोडायचं न्हाई हितं." आत्यानं हात पदराला पुसले. "तोडत न्हाई बाबा, वळखतीय."

परतीच्या बसमध्ये मी तिच्या खांद्यावर झोपले. भर दुपारी, उभ्या माणसांच्या गर्दीत. थांबा आल्यावर तिनं उठवलं तेव्हा तिचा तो हात बधिर झाला होता आणि त्याबद्दल ती घरापर्यंत बोलत होती.

निघताना तिनं पुडीत मूठभर दगडफूल बांधून दिलं. "वांग्याच्या भाजीत घाल." वांगी अजून आणलेली नाहीत. पुडी लॅपटॉपशेजारी उघडी पडलीय. रात्री अडीचला मीटिंग संपली की वास घेते.