हाक मारण्याचा अधिकार मला कोणी दिला?

पालक-शिक्षक संघाच्या (पीटीए) बैठकीनंतर जिन्यात, लग्नाच्या पंगतीत, गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात मासळी घेताना, मला एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत विचारला जातो: ‘टीचर, हजेरीपटावर मुलीचे नाव असताना तुम्ही त्या पोरीला वर्गात मुलाच्या नावाने हाक मारत होता, हा अधिकार तुम्हाला कोणी दिला?’ आजवर मी कधी हसून, कधी फटकन काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आता तो विद्यार्थी आमच्या शाळेतून बाहेर पडला आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. इथे त्याला मी केदार म्हणणार आहे. हे त्याने निवडलेले नावही नव्हे. हजेरीपटावरचे नाव मी लिहिणार नाही, आणि ज्यांना ते ठाऊक आहे त्यांनी ते माझ्यासमोर मुद्दाम उच्चारून दाखवण्याची गरज नाही.

अधिकाराविषयीचे उत्तर कोरडे आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांमध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींशी भेदभाव करण्यास मनाई केली. वर्गशिक्षिकेने अमुक नावाने हाक मारावी असे त्यात कुठेही नाही, पण मारू नये असेही नाही. ‘मग वरून मार्गदर्शन का नाही घेतलेत?’ असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगते की अशा मुलांना शाळेत कसे सामावून घ्यावे यावर एनसीईआरटी या केंद्राच्या शालेय शिक्षण परिषदेने २०२१ मध्ये शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली होती, आणि राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने हरकत घेतल्यावर ती काही दिवसांतच संकेतस्थळावरून उतरवली गेली. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने शैक्षणिक कागदपत्रांवर नाव आणि लिंग बदलून देण्याविषयी निर्देश दिले, पण आमचे उच्च न्यायालय मुंबईचे. तेव्हा वर बघून फारसे काही दिसत नव्हते.

दुसरा आक्षेप असा की मी ‘रेकॉर्ड बिघडवले’. हा आक्षेप मला खरोखर झोंबतो, कारण शाळेच्या प्रवेशनोंदीच्या जनरल रजिस्टरमधल्या एका अक्षरालाही मी हात लावलेला नाही. ते रजिस्टर जन्मदाखल्यावर चालते, बोर्डाचा फॉर्म रजिस्टरवर चालतो, आणि आता अपार आयडी या विद्यार्थी-ओळख क्रमांकासाठी शाळेतले नाव आधारवरच्या नावाशी तंतोतंत जुळावे लागते. त्या जुळवाजुळवीत आम्हा शिक्षकांच्या किती संध्याकाळी गेल्या हे आमचे आम्हाला ठाऊक. गोव्यात नाव बदलायचे तर १९९० च्या नाव व आडनाव बदल कायद्याखाली अर्ज करावा लागतो, त्याची नोटीस प्रसिद्ध होते आणि हरकती मागवल्या जातात. केदारच्या आईला मी हे समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे जुनं नाव, नवं नाव, आमचा पत्ता, सगळं पेपरात? टीचर, त्यापेक्षा गावात दवंडीच पिटते.’ जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या ट्रान्सजेंडर ओळखीच्या प्रमाणपत्राची वाट वेगळी होती, पण अल्पवयीन मुलासाठी तोही अर्ज पालकानेच करायचा होता. वडिलांचा नकार होता आणि त्यांना डावलून सही करायला आई तयार नव्हती. मला काय वाटते याला तिथे किंमत नव्हती, आणि नसावी हेही मला मान्य आहे.

मात्र ‘एका माणसाला दोन नावे कशी चालतील?’ असे गोव्यात कोणी विचारले की मला हसू आवरत नाही. ज्या गोव्यात आजोबांच्या पोर्तुगीजकालीन दाखल्यावर ‘कामोतीं’ असते आणि नातवाच्या आधारवर ‘कामत’, जिथे अर्धे तालुके ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र करून जमिनीची कामे उरकतात, तिथे हा प्रश्न? आमच्या स्टाफरूममधल्या किमान दोघींची नावे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून बदलली गेली, आणि माहेरची माणसे त्यांना अजून जुन्याच नावाने हाक मारतात. त्याबद्दल कोणी पीटीएत प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही.

आता ‘तुम्हीच त्याच्या डोक्यात भरवलेत’ या आरोपाविषयी. मी गणित शिकवते. वर्गसमीकरणे डोक्यात भरवताना माझी पुरेवाट होते, आणखी काही भरवण्याची माझी ऐपत नाही. नववीच्या चाचण्यांत त्याच्या उत्तरपत्रिकेवर हजेरी क्रमांक ठळक असायचा आणि नावाची ओळ कोरी. मी रागावले. आळशीपणा समजले. मधल्या सुट्टीत तो आला आणि टेबलाच्या कडेला नख घासत म्हणाला, ‘टीचर, आडनावाने हाक मारलात तर चालेल?’ पुढचे सत्र मी त्याला आडनावानेच हाक मारली, आणि वेगळेपणा दिसू नये म्हणून बाकीच्या मुलांनाही. वर्गात तीन नाईक आणि दोन गावस असल्यामुळे जो गोंधळ व्हायचा तो झाला. ‘केदार’ नंतर आले, आणि ते माझ्याआधी मुलांच्या तोंडी आले. मी ते थांबवले नाही, आणि एके दिवशी मीही तेच म्हटले. हिंदीच्या सरांनी शेवटपर्यंत म्हटले नाही. त्यामुळे तासागणिक नाव बदलायचे, आणि हजेरीला प्रत्येक वेळी तो ‘हजर’ एवढेच म्हणायचा, कारण ‘आलो’ की ‘आले’ हे त्याला त्यात ठरवावे लागत नसे.

ज्या प्रसंगावरून हे सगळे गावभर झाले, तो दहावीच्या परीक्षेतला. तो बहुतेकांनी अर्धाच ऐकला आहे. पहिलाच पेपर मराठीचा होता आणि केंद्र दुसऱ्या शाळेत होते. हॉल तिकिटावर दोन वेण्यांचा जुना फोटो होता. समोर बारीक केस कापलेले, ट्रॅकपँट घातलेले मूल. पर्यवेक्षिकेने नाव विचारले आणि त्याच्या तोंडून सवयीने ‘केदार’ निघाले. तिकिटावर मुलीचे नाव, फोटो मुलीचा, उत्तर मुलाचे. कोणाच्या तरी जागी डमी बसला आहे अशी शंका तिला आली, आणि तिच्या जागी मीही तीच घेतली असती. तिथून आमच्या शाळेत फोन आला. हेडमास्तरांनी रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स माझ्या हातात दिली आणि मी स्कूटर काढली.

मी पोचले तेव्हा आत सगळे लिहीत होते आणि केदार वर्गाच्या दारात उभा होता, कंपास आणि आधार कार्ड छातीशी धरून. केंद्रप्रमुख सभ्य गृहस्थ होते, आवाजही चढवला नव्हता. ‘बाई, ही तुमचीच विद्यार्थिनी ना? नाव सांगा आणि तसे लिहून द्या,’ ते म्हणाले. पहिल्या बाकावरच्या मुलांची पेने थांबली होती. जे नाव मी नववीपासून तोंडातून काढले नव्हते ते मी मोठ्याने, आडनावासकट उच्चारले, आणि ‘हो, हीच ती’ म्हटले. मग तिथेच खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून ‘सदर विद्यार्थिनी आमच्याच शाळेची असून तिला मी व्यक्तिशः ओळखते’ असे लिहून सही केली. ते वाक्य शब्दशः खरे होते. केदारने माझ्याकडे पाहिले नाही, आत जाऊन बसला. गेलेला वेळ भरून मिळाला नाही. पत्रलेखन अर्धे राहिले, हे त्याने बाहेर आल्यावर सांगितले, आणि त्याखेरीज काहीही सांगितले नाही. पुढच्या पेपरापासून कोणी विचारण्याआधीच तो आधार कार्ड पुढे करून तिकिटावरचे नाव स्वतःच सांगू लागला.

‘बघा, तुम्ही दुसऱ्या नावाची सवय लावलीत म्हणूनच हे झाले,’ असे तुम्ही म्हणता. यातले तुमचे म्हणणे मी नीट ऐकले आहे: ती सवय नसती तर त्या सकाळी तो दारात उभा राहिला नसता. पण ती सवय नसती तर तो त्या सकाळपर्यंत शाळेत टिकला असता का, हे तुम्ही विचारत नाही, आणि नववीतल्या त्या कोऱ्या ओळी तुम्ही पाहिलेल्या नाहीत. अमेरिकेत १२९ तरुणांवर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जितक्या अधिक ठिकाणी निवडलेले नाव वापरता येते, तितके नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी आढळतात, असे त्यात दिसले. तो मी सगळ्यांच्या तोंडावर फेकू शकले असते. पण मी गणिताची शिक्षिका आहे, १२९ म्हणजे किती हे मला कळते, आणि जिथे नाव स्वीकारले जाते तिथे इतरही माया असतेच. कशामुळे काय झाले हे असे सुटे करता येत नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका विषयावर स्टाफरूममध्ये मी नेमकी उलट बाजू मांडली होती. शाळेने कागदावर चालावे, घरचे घर बघेल. एका शिक्षिकेने एक आणि पाच जणांनी दुसरे नाव घेतले तर ओढाताण पोराचीच होते, असे मी ठणकावून सांगितले होते. त्या बाईशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, मी अजून भांडते. हिंदीच्या तासाचे तिने आधीच सांगितले होते, हे मला नाकारता येत नाही. पण मग सहा जणांनी मिळून जुनेच नाव घ्यायचे की नवे, यावर ती गप्प बसते, आणि कागदाकडे बोट दाखवते. कागद काय म्हणतो ते मलाही वाचता येते.

‘उद्या त्याचे मन बदलले तर?’ हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. बदलले तर तो सांगेल त्या नावाने हाक मारीन. खोडायला माझ्या हजेरीपटावर काही नाही. केदार आता अकरावीत आहे. मध्यंतरी त्याच्या नव्या वर्गशिक्षकांचा फोन आला होता, हजेरीपटावर काय लिहू म्हणून. दाखल्यावर आहे तेच लिहा आणि हाक कशी मारायची ते त्यालाच विचारा, असे मी म्हटले. ‘त्याला विचारले,’ ते म्हणाले, ‘पण त्याचे वडील काल येऊन नेमके उलटे बजावून गेले आहेत, आणि अठरा पूर्ण होईपर्यंत पालक तेच.’ मी त्यांना आईचा नंबर दिला. दोघांना एकत्र बोलवा म्हटले. वडील आईबरोबर यायला तयार नाहीत, असे ते म्हणाले. त्यापुढे मला काही सुचवता आले नाही.