बाबांचा चार ते आठ

मंगळवार, रात्री 11

बाबांनी उमेदीची बावीस वर्षं बोटीवर काढली, आणि आता मी त्यांना भाडं भरून पुन्हा बोटीत आणून बसवलं. (भाड्याचा आकडा आईला रुपयांत सांगायचा नाही, असं आमचं न्यू जर्सीहून निघतानाच ठरलंय.)

ऑर्लँडोतलं डिस्नीचं यॉट क्लब हॉटेल. बाहेर करड्या फळ्या, आत पितळ आणि गडद लाकूड, धक्क्याच्या टोकाला दीपगृह. अमेरिकेतल्याच न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या जुन्या हॉटेलांची ही नक्कल, रॉबर्ट स्टर्न यांचा आराखडा, 1990 सालची. खरा समुद्र इथून गाडीने तासभर लांब. समोर आहे ते क्रेसेंट लेक. काठाला पांढरी वाळू, पण पाण्यात उतरायचं नाही. मगरींच्या पाट्या आहेत.

बाबा दीपगृहाकडे बराच वेळ बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी हळवं बोलणार. म्हणाले, "रंग चांगला ठेवलाय."

पोहायचा तलाव मात्र अफाट. 3 एकर, तळाला खरी वाळू आणि फुटक्या जहाजातून येणारी घसरगुंडी. माझी लेक दुपारभर बाहेर आली नाही. बाबा खुर्चीत बसून त्या जहाजाकडे बघत. "फुटलेलं जहाज बघून लोकांना मजा येते होय?" एवढंच.

संध्याकाळी एपकॉट, डिस्नीचंच थीम पार्क. चालत दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, पण आईला बोटच हवी होती. बोटीत सगळे बाहेर बघत होते, बाबा पायाखालच्या इंजिनाचा आवाज ऐकत होते. तिथल्या तळ्याभोवती 11 देश मांडलेत. आईने भारत शोधला. नाही. बाबा म्हणाले, यातले सात देश मी पाहिलेत, पण बंदराच्या फाटकापर्यंत. मग जपानमध्ये बसून त्यांनी निवांत चहा घेतला.

पण लिहायचं होतं ते आज पहाटेचं. साडेतीनला जाग आली तर बाबांचा पलंग रिकामा, शेजारी लेकीचाही. मी चपला न घालताच खाली पळाले. लॉबीत मधोमध एक मोठा पृथ्वीगोल आहे, तिथे दोघं उभे. बाबा सेकंड इंजिनियर होते, त्यांची पाळी चार ते आठ. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या वेळेला डोळे उघडतातच.

त्यांचं बोट मुंबईवरून खाली आफ्रिकेच्या कडेने सरकत होतं.

"इथून सरळ का नाही गेलात?" लेकीने सुवेझ कालव्यावर बोट ठेवलं.

"बंद होता. 1967 च्या लढाईपासून पार 1975 पर्यंत. मी लागलो 1973 मध्ये. म्हणून हा एवढा वळसा, केप ऑफ गुड होपवरून."

मी खांबाआड थांबले. लहानपणी मी किती विचारायचे त्यांना! उत्तर एकच असायचं, "काय सांगायचं, पाणी असतं." रजेवर आले की सामानातून चॉकलेटं निघायची, गोष्टी नाहीत. मी त्यांचा कधी राग धरला नाही असं नाही.

"केपला काय दिसलं?" लेक.

"मला काही नाही. मी खाली होतो, इंजिनरूममध्ये." मग जरा थांबून, "वर येईपर्यंत उजाडलेलं असायचं. तेव्हा दिसायचं."

"काय?"

बाबांनी गोल थोडा तिच्याकडे ओढल्यासारखं केलं, आणि सांगायला लागले.