गोळा सुटेना

रावपुऱ्यातल्या आमच्या जिममध्ये सकाळी साडेसहाच्या बॅचला काका आले, तेव्हा त्यांचे खांदे पाहूनच मी ठरवलं, यांना सहा किलोचा मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाला फेकायचा जड चेंडू, द्यायचा. वय एकसष्ट. बीपीची एक गोळी सोडली तर तक्रार कसलीच नाही, आणि डॉक्टरांना विचारून आलेले. लहानपणी दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. मलखांब, जोर, बैठका, मुद्गल, सगळं अंगावर दिसत होतं. बडोद्यात अशी माणसं अजून भेटतात, आणि त्यांना शिकवायला उभं राहताना माझ्या छातीत धडधडतं.

पहिला प्रकार सोपा होता. भिंतीसमोर उभं राहायचं, बॉल छातीशी धरायचा आणि दोन्ही हातांनी भिंतीवर फेकायचा. काकांनी हात झपकन पुढे नेले, कोपरं सरळ झाली, पण बॉल हातातच! त्याच्या ओढीने काका दोन पावलं पुढे गेले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तोल इतका गेला की मी धावत जाऊन दंड धरला.

"काका, सोडा ना तो!"

"अगं, सोडायचाच आहे मला. हात सोडत नाहीत."

मग माझ्या लक्षात आलं. मुद्गल हातातून सुटणं म्हणजे अपघात. मलखांबावर पकड सुटली की माणूस खाली. इतक्या वर्षांचा सराव होता तो घट्ट धरण्याचा. आणि मेडिसिन बॉलचं सगळं काम तर सोडण्यातच आहे. वजन हातात ठेवून ढकललं, की शेवटच्या टप्प्यात स्नायूंना आपलाच वेग आवरावा लागतो, नाहीतर सांध्याला झटका बसतो. फेकताना हा ब्रेक लागत नाही. पायातून निघालेला जोर कमरेतून, पाठीतून खांद्यात येतो आणि बोटांच्या टोकापर्यंत वेग वाढतच जातो. पूर्ण अंगाचा व्यायाम म्हणतात तो यासाठी.

दुसरी चूक माझी होती. सहा किलो त्यांना उचलायला काहीच नव्हतं, पण वेगाने फेकायला जड होतं. फेक मंदावली की तो व्यायाम नुसतं वजन ढकलण्याचा होतो. हे मला ठाऊक होतं, तरी खांदे पाहून भुलले. मी तीन किलोचा बॉल आणला.

"हा तर नातवाला दे," काका म्हणाले. जरा दुखावलेच.

मी त्यांना हूवरची गोष्ट सांगितली. १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेचे अध्यक्ष असलेले हर्बर्ट हूवर व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर सकाळी मेडिसिन बॉल खेळायचे. खेळ त्यांच्या डॉक्टरांनी बसवलेला. आठ फूट उंच जाळी, तिच्यावरून बॉल फेकायचा आणि पलीकडच्यांनी तो झेलायचा. त्या बॉलचं वजन सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास. काकांनी हातातला बॉल पुन्हा तोलून पाहिला. "अच्छा, म्हणजे हा पुरतो."

आता मी भिंत त्यांच्या डाव्या बाजूला ठेवली. भिंतीपासून तीन-चार फूट अंतर, गुडघे किंचित वाकलेले, बॉल उजव्या कमरेशी. आधी कंबर वळवायची, हात मागून येतील. पण उजवी टाच जमिनीला चिकटलेली, त्यामुळे सगळा पीळ मणक्यावर येत होता. मी खाली बसले आणि त्यांची टाच हाताने फिरवली. "काका, टाच उचलून बाहेर वळवा. गुडघा आणि कंबर आपोआप येतील. आणि फेकताना श्वास सोडा, रोखू नका." बीपी असताना श्वास कोंडून जोर लावणं मला अजिबात चालत नाही.

चार-पाच फेकी फुसक्या गेल्या. मग एकदा टाच वळली, "हूं" करून श्वास सुटला आणि भिंतीवर असा धप्प आवाज झाला की ट्रेडमिलवरच्या दोघीतिघींनी मान वळवली. काका भिंतीकडे बघतच राहिले. मला भरून आलं.

आपटण्याचा प्रकार मी शेवटी घेतला, आणि बॉल बदलून. उसळणारा रबरी बॉल जोरात आपटला तर तोंडावर येतो. गेल्या वर्षी माझ्याच देखरेखीखाली एका मुलीच्या हनुवटीला लागला होता. तेव्हापासून आपटायला वाळूचा, न उसळणाराच देते. दोन्ही बॉल दिसायला सारखे असतात, म्हणून आमच्याकडे वाळूच्या बॉलवर पांढऱ्या रंगाची पट्टी ओढली आहे.

आता तीन आठवडे झाले. डावीकडची फेक छान वाजते, उजवीकडची अजून बद्द वाटते. काका रोज चार किलोचा मागतात. मी त्यांना सांगितलंय, दोन्हीकडून भिंत सारखी वाजेपर्यंत तीनच.